चिलटाच्या अंगातलं घड्याळ

पावसाळा लागला की केळ्यांच्या फणीवर आणि पिकल्या पेरूंवर बारीक चिलटं घिरट्या घालू लागतात. आपण फडकं झटकतो, टोपलीवर जाळी पालथी घालतो, तरी ती कुठूनशी येतातच. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात. या नावाचा अर्थ मोठा गोड आहे, ‘दवावर प्रेम करणारी’. लांबी जेमतेम अडीच मिलिमीटर आणि आयुष्य फार तर दोन-अडीच महिन्यांचं. फळांत अळ्या सोडून बागायतदारांना रडवणारी फळमाशी वेगळी. ही आपली घरातली चिलटं त्या मानाने निरुपद्रवी. पण याच चिलटांनी माणसाच्या झोपेविषयी आणि आजारपणाविषयी जे शिकवलं आहे, ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं असं मला वाटतं. ज्या घरात कुणी रात्रपाळी करतं, त्या घरात तर नक्कीच.

आमचं घर त्यांतलंच एक. माझं माहेर नागपूरचं, पण लग्न होऊन जबलपूरला आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. हे गाव मुळी पाळ्यांवर चालणारं. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग इथे एकमेकांना जोडले गेले. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, पुढे वाहनांचा कारखानाही आला. माझे यजमान इथल्याच एका कारखान्यात होते. मी स्वतः परिचारिका. नोकरीची तेहेतीस वर्षं दिवसपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी अशी आलटून पालटून गेली. आमच्या दोघांच्या पाळ्या जुळल्या नाहीत की स्वयंपाकघराच्या पाटीवर खडूने निरोप लिहून ठेवायचे, असा आमचा संसार.

रात्रीच्या वॉर्डाला स्वतःचं वेळापत्रक असतं, हे मला पुस्तकाआधी अनुभवाने कळलं. सकाळी बरा दिसणारा तापाचा रोगी संध्याकाळी फणफणतो. दमेकऱ्याची उबळ पहाटे तीन-चारच्या सुमारास येते. त्या वेळी ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी ठेवायचा, हे नव्या मुलींना आम्ही सर्वांत आधी शिकवत असू. सांधे आखडणाऱ्या आमवाताच्या बायकांना सकाळी कपाची कडी धरवत नाही, अकरा वाजले की त्याच बायका वेणी घालत बसतात. मंडला-डिंडोरीकडून मलेरियाचे रोगी येत, त्यांच्यातल्या काहींना एक दिवसाआड ठरल्या वेळेला हुडहुडी भरे. ‘आजार घड्याळ बघून येतो,’ असं आम्ही हसत म्हणायचो. त्यामागे खरोखरच एक घड्याळ असतं, हे मात्र फार नंतर समजलं.

आता माझी सूनही परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. महिन्यातले काही दिवस तिची रात्रपाळी असते. सकाळी साडेआठला ती घरी येते, अंघोळ करून चार घास खाते आणि झोपते. तेवढ्यात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, दुधाचे पैसे मागायला कुणी येतं, कुकर शिट्ट्या देतो, कुरिअरवाला बेल दाबतो. सलग तीन तास झोप मिळाली तरी नशीब.

दोन वर्षांमागे हिवाळ्यात आमच्या वन्सं नागपूरहून महिनाभर राहायला आल्या. मनाने अगदी निर्मळ, पण जुन्या वळणाच्या. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाल्या, “वहिनी, सून दुपारी दोनपर्यंत झोपते? दिवसा अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या घरात लक्ष्मी राहत नाही, असं आपली आई म्हणायची.”

मी म्हटलं, “वन्सं, ती रात्रभर जागून आली आहे.”

“हो, पण सवय करता येते माणसाला. शरीराला वळण लावावं तसं लागतं.”

नेमक्या त्याच हिवाळ्यात सुनेला तीनदा सर्दी झाली, आणि शेवटच्या सर्दीचा खोकला छातीत जाऊन तीन आठवडे रेंगाळला. वन्संचे शब्द तिच्या कानावर गेले होतेच. एका रात्री कामावर निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, “आई, मी राजीनामा देऊन टाकते. मला ना धड रोग्यांचं करता येत, ना घरातलं.” ही नोकरी मिळवायला ती किती खपली होती, हे मी पाहिलं होतं. त्या रात्री माझाही डोळा लागला नाही.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझी भाची बंगळूरहून आली. प्राणिशास्त्रात एम्.एस्सी. करून तिने काही वर्षं चिलटांच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. तिथे काचेच्या बाटल्यांत कापसाचा बोळा लावून चिलटं पाळतात आणि त्यांना केळं नि गूळ घालून शिजवलेलं खाद्य देतात, हे ऐकून वन्संना हसू आवरेना. “म्हणजे शिकरणच की!” त्या म्हणाल्या. भाचीने मग आम्हा सगळ्यांना बसवून चिलटांची गोष्ट सांगितली. ती मला जशी समजली, तशी तुम्हाला सांगते.

चिलट कोशातून बाहेर पडतं ते बहुधा पहाटेच्या सुमारास. तेव्हा हवेत दमटपणा असतो, त्यामुळे ओले, नाजूक पंख वाळून जाण्याआधी नीट पसरतात. कोश पूर्ण अंधारात ठेवले तरी पहाटेची ही वेळ टळत नाही. म्हणजे वेळ सांगणारं काहीतरी त्याच्या अंगातच असलं पाहिजे. १९७१ मध्ये अमेरिकेत सीमोर बेन्झर आणि त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांना तीन तऱ्हांची बिघडलेली चिलटं सापडली. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, आणि तिसरीला दिवस-रात्रीचा पत्ताच नाही. गंमत म्हणजे तिन्हींच्या शरीरात एकाच जनुकात बिघाड होता. त्या जनुकाला ‘पिरियड’ हे नाव मिळालं.

हे घड्याळ चालतं कसं? गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी भरत जातं तसा फ्लोटचा चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. घरात पाणी वापरलं गेलं की चेंडू खाली येतो आणि नळ पुन्हा सुरू होतो. ‘पिरियड’ जनुकाच्या हुकमावरून पेशीत एक प्रथिन तयार होतं. रात्री ते साठत जातं, ‘टाइमलेस’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा हात धरून पेशीच्या केंद्रात शिरतं आणि स्वतःच्याच जनुकाचं काम थांबवतं. मग हळूहळू ते विरघळून जातं आणि काम पुन्हा सुरू होतं. या एका फेरीला लागतात सुमारे २४ तास. उजेड पडला की ‘टाइमलेस’ नष्ट होतं, म्हणून सूर्य रोज हे घड्याळ लावून देतो. या शोधासाठी २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना मिळालं. माणसाच्या पेशींतलं घड्याळही याच घराण्यातलं आहे.

आपल्या देशातही यावर मोठं काम झालं आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी या शास्त्राचा पाया घातला. तिथे तर माणसांनाही घड्याळाशिवाय, सूर्य दिसणार नाही अशा जागेत राहायला ठेवून त्यांचे दिवस मोजले गेले. पुढे ते बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात गेले. आपल्या महाराष्ट्रात अहमदनगर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हिमालयाच्या उंचीवरून आणलेल्या चिलटांच्या वेळा तपासल्या गेल्या. बंगळूरच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला विशेष भावला. चिलटांच्या ६०० पिढ्या त्यांनी अखंड उजेडात वाढवल्या. पहाट किंवा संध्याकाळ कशी असते हे त्यांतल्या एकाही पिढीने पाहिलं नव्हतं. तरी त्यांच्या वंशजांना अंधारात नेताच घड्याळ टिकटिकू लागलं! माणसाची एक पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर ६०० पिढ्या म्हणजे पंधरा हजार वर्षं झाली.

भाची इथे थांबली आणि वन्संकडे बघून म्हणाली, “आत्या, सहाशे पिढ्यांत ज्याला वळण लागलं नाही, त्याला आमची वहिनी चार महिन्यांत कसं लावणार?”

वन्सं गप्प झाल्या, पण त्यांनी बिनतोड प्रश्न विचारला. “ते खरं. पण या घड्याळाचा आणि खोकल्याचा काय संबंध?”

खरी गोष्ट पुढेच आहे. चिलटालाही जंतूंशी लढावं लागतं. त्याच्याजवळ आपल्यासारखी लस लक्षात ठेवणारी व्यवस्था नाही. पण जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी आहेत आणि जंतूंना मारणारी द्रव्यंही आहेत. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ‘टोल’ नावाचं जनुक बिघडलेली चिलटं बुरशीने अक्षरशः झाकून मेलेली आढळली. संरक्षणाची घंटा वाजवणारं जनुक ते हेच. त्याची भावंडं माणसातही निघाली आणि हॉफमन यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. घड्याळ आणि संरक्षण हे दोन्ही शोध चिलटांनीच दिले. साहजिकच पुढचा प्रश्न आला, की पहारेकऱ्यालाही पाळ्या असतात का?

२००७ मध्ये मिमी शिरासू-हिझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पिरियड’ आणि ‘टाइमलेस’ बिघडलेल्या चिलटांना जंतूंचा संसर्ग करून पाहिला. ती चिलटं निरोगी घड्याळवाल्यांपेक्षा लवकर मेली. उलटही दिसलं. धडधाकट चिलटं आजारी पडताच त्यांचं झोपण्या-उठण्याचं वेळापत्रक कोलमडलं. म्हणजे घड्याळ बिघडलं की आजार बळावतो आणि आजार बळावला की घड्याळ आणखी बिघडतं. वॉर्डात मी हे चक्र किती वेळा पाहिलं असेल! दिवसा गुंगीत आणि रात्री टक्क जागा असलेला रोगी पाहिला की आम्हा जुन्या परिचारिकांच्या कपाळाला आठी पडायचीच.

दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, अमेरिकेतल्या आणखी एका प्रयोगशाळेने तेवढेच जंतू वेगवेगळ्या वेळी चिलटांच्या अंगात सोडले. मध्यरात्रीच्या सुमारास संसर्ग झालेली सर्वांत जास्त वाचली. जंतू तेच आणि चिलटंही तशीच, फरक फक्त वेळेचा होता. पुढे २०१२ मध्ये दिसलं, की जंतू गिळणाऱ्या पेशी रात्री अधिक जोमाने काम करतात, आणि ‘टाइमलेस’ नसलेल्या चिलटांत हे काम मंदावलेलं असतं. दिवसभर उडायचं, खायचं, अंडी घालायची. रात्री विसावा घेऊन दुरुस्ती करायची, अशी ही वाटणी असावी असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. आपणही दुकान बंद झाल्यावरच हिशेब नि झाडलोट करतो ना?

सुनेने हे सगळं शालीत गुरफटून ऐकलं. मग भाचीने तिच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. अमिता सहगल या दिल्लीत शिकलेल्या शास्त्रज्ञ. ‘टाइमलेस’च्या शोधात, यंग यांच्या प्रयोगशाळेत, त्यांचा मोलाचा वाटा होता. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांच्या गटाने झोप आणणारं जनुक शोधायला हजारो तऱ्हांची चिलटं तपासली. २०१९ मध्ये त्यांना एक जनुक सापडलं आणि त्याला त्यांनी ‘नेमुरी’ नाव दिलं. जपानीत त्याचा अर्थ झोप. या जनुकापासून होणारं द्रव्य दोन कामं करतं. ते जंतूंना मारतं आणि त्याच वेळी चिलटाला झोपवतं. ज्यांच्यात ते जास्त होतं ती चिलटं संसर्गानंतर अधिक झोपली आणि अधिक जगली. ज्यांच्यात ते नव्हतं, त्यांना आजारपणातली ही जास्तीची झोप पुरेशी मिळालीच नाही.

तेहेतीस वर्षं रोग्यांच्या उशाशी काढलेल्या मला हे ऐकून अंगावर काटा आला. तापात ग्लानी येते, मूल खेळ टाकून मांडीवर झोपून जातं, ते आपण आजाराने आलेला अशक्तपणा समजतो. चिलटाच्या बाबतीत तरी जो लढतो, तोच झोपही आणतो. ती झोप म्हणजे लढाईचाच एक भाग असते.

माणूस म्हणजे काही मोठं चिलट नव्हे, हे खरं. पण माणसांवरचे प्रयोगही हीच दिशा दाखवतात. शिकागोत काही तरुणांना लागोपाठ सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि त्याच दिवसांत फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली लसीची प्रतिपिंडं नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. काही आठवड्यांनी तो फरक भरून निघाला, हेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला २०१६ मध्ये पासष्टीपुढच्या २७६ मंडळींवर पाहणी झाली. दुपारपेक्षा सकाळी लस घेतलेल्यांत, लसीतल्या तीनपैकी दोन प्रकारच्या विषाणूंविरुद्ध जास्त प्रतिपिंडं तयार झाली. पुढच्या सगळ्याच पाहण्यांत असं आढळलेलं नाही. म्हणून लगेच लसीच्या रांगेत घड्याळ काढून बसायला नको, आणि डॉक्टरांना न विचारता औषधांच्या वेळा तर मुळीच बदलू नयेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला बहुधा कर्करोगकारक गोष्टींच्या यादीत घातलं आहे, हे विसरूनही चालणार नाही.

मग रात्रपाळी बंद करायची का? रुग्णालयाचं दार रात्री लावता येत नाही. गाड्या धावायच्या, वीज यायला हवी, भट्ट्या पेटत्या ठेवायच्या, तर कुणीतरी जागणारच. आपण झोपतो ते त्यांच्या जिवावर. मग त्यांच्या दिवसाच्या झोपेची राखण कोण करणार?

आमच्या घरात ते काम वन्संनी उचललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून जुनी जाड सोलापुरी चादर काढली आणि सुनेच्या खिडकीला दुहेरी टाचली. दाराची बेल बंद करायला लावली. कुकर सकाळी आठच्या आत लावायचा, मिक्सर दुपारी तीननंतर, आणि फोन आला तर “ती झोपली आहे” असं न लाजता सांगायचं, असे नियम झाले. शेजारच्या बाईंनी, “अजून झोपलीच आहे का?” असं विचारल्यावर वन्संनी त्यांना चिलटांच्या सहाशे पिढ्या ऐकवल्या! सुनेनेही सकाळी परतताना काळा चष्मा लावायला सुरुवात केली, डोळ्यांवर ऊन पडून घड्याळ पुन्हा ‘उठा’ म्हणू नये म्हणून. सुट्टीच्या आदल्या दिवशी तिला जेवायला बोलावणाऱ्या नातेवाइकांना मी रात्रीऐवजी संध्याकाळचं बोलवायला सांगते.

तिचा खोकला गेला तो डॉक्टरांच्या औषधाने, चादरीने की हिवाळा सरला म्हणून, हे मी सांगू शकत नाही. सर्दी पुढेही झाली, पण आता रोज सहा-सात तास सलग झोप लागते आणि राजीनाम्याचा विषय पुन्हा निघालेला नाही. गेल्या महिन्यात तिच्याकडे वॉर्डातल्या नव्या मुलींना शिकवायचं काम आलं. रोगी झोपला असेल तर शक्य तेवढी कामं एकाच फेरीत उरका, रात्री डोळ्यांवर दिवा टाकू नका, हे ती पहिल्याच दिवशी सांगते म्हणे.

तुमच्या घरीही कुणी रखवालदार असेल, कुणी ड्रायव्हर, कुणी रात्री परदेशच्या फोनवर बोलणारी लेक. सकाळी ती दमून येईल तेव्हा तिच्या खोलीचा पडदा ओढून घ्या. आणि आजारी माणूस शांत झोपला असेल, तर पाहुणे भेटायला आले आहेत म्हणून त्याला उठवू नका. पाहुण्यांना बाहेर बसवून चहा द्या. तोवर त्याच्या अंगातले पहारेकरी आपलं काम करत असतील.